एक प्रोजेक्टर, दोन कामं: शनिवारी पोरांचा पिक्चर, रात्री आईचा गेम

सरळ सांगते, घरी पिक्चर बघायला प्रोजेक्टर घेणार असाल तर खुशाल घ्या, पण ऑनलाइन गेमसाठी घ्यायचा विचार असेल तर आधी हे सगळं वाचा मग पैसे टाका.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला आला आमच्याकडं हा प्रोजेक्टर, म्हणजे एक अख्खा सोलापुरी उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी बघून झालीय त्याची, त्यामुळं खोकं उघडल्या उघडल्या पाच स्टार देणारा रिव्ह्यू नाहीये हा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच माल चार-पाच वेगळ्या नावांनी ऑनलाइन विकायला आहे, वरचा स्टिकर बदलतो आणि हजार-पाचशेचा फरक पडतो एवढंच. साडेतेरा हजाराला सेलमध्ये पडला. काय बघून घ्यायचं ते लिहिते, नावावर जाऊ नका.

आधी आमचं सांगते म्हणजे कुणाच्या कामाचं आहे ते कळेल. मी एका सीएच्या ऑफिसात आहे, दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची रिटर्नं, त्या आठवड्यात घरी किती वाजता पोचेन ते मलापण माहीत नसतं. नवऱ्याचा सुताचा धंदा, तो त्याच्या मागं. पोरगी चौथीत, पोरगा मोठ्या गटात, आणि सासूबाई. पाच जणांनी टॉकीजला जायचं म्हणजे तिकिटं, पॉपकॉर्न, रिक्षा धरून दीड-दोन हजार कुठं गेले कळत नाही, आणि छोटा इंटरव्हलच्या आधीच मांडीवर झोपलेला असतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मी गेम खेळते. कॉलेजपासून खेळते, लग्न झालं दोन पोरं झाली तरी सुटलं नाही आणि सोडायचंपण नाहीये. रात्री साडेदहानंतर पोरं झोपली की पुण्याचा धाकटा भाऊ आणि दोन मैत्रिणी डिस्कॉर्डवर (खेळताना बोलायचं अ‍ॅप) येतात, व्हॅलोरंट (टीम करून गोळीबाराचा गेम) नाहीतर रॉकेट लीग (गाड्यांनी खेळायचा फुटबॉल), तासभर. कुणी भिशीला जातं, कुणी सिरीयल बघतं, मी हे करते.

आता खोक्यावरचा खोटेपणा. खोक्यावर मोठ्या अक्षरात "४के सपोर्ट" आणि खाली लुमेन्सचा, म्हणजे उजेडाचा, असला आकडा की वाटावं गड्डा यात्रेत होम मैदानावर लावायचाय. ४के सपोर्ट म्हणजे एवढंच की ४के व्हिडिओ दिला तर तो घेतो, दाखवतो मात्र स्वतःच्या पॅनलला जमेल तसाच. बघायचं ते "नेटिव्ह रिझोल्यूशन", म्हणजे पॅनलवर खरोखर किती ठिपके आहेत ते. ते १९२० बाय १०८० असेल तर ठीक, १२८० बाय ७२० असेल तर मोठ्या पडद्यावर सबटायटलच्या कडा फाटलेल्या दिसतात. आणि उजेडाचं बघताना नुसतं लुमेन्स नाही तर "अ‍ॅन्सी लुमेन्स" लिहिलंय का बघा, ती मोजायची ठरलेली पद्धत आहे, बाकी आकडे विकणाऱ्याच्या मनाचे. ह्याचे ३०० च्या आसपास आहेत, म्हणजे अंधार लागतोच लागतो. दिवसा पडदे लावूनसुद्धा फिक्कट दिसतो. मे महिन्यात आपल्याकडं सातला कुठं दिवस मावळतो, त्यामुळं साडेसात-पावणेआठच्या आधी चालूच करायचा नाही हे पोरांना आता पाठ झालंय, घड्याळ बघायला त्यामुळंच शिकला छोटा.

साइजचा हिशोबपण आधी करा, लोक घेतल्यावर करतात. १०० इंची चित्र म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद आणि चार फुटाहून थोडं जास्त उंच. तेवढं पडायला ह्याला भिंतीपासून नऊ फूट लागतात. आमचा जुळे सोलापूरचा टू बीएचके, हॉलची लांबी बरी आहे म्हणून बसलं, नाहीतर सोफ्यावर बसलेल्यांच्या डोक्यावरून टाकावं लागलं असतं. आणि मोठं चित्र म्हणजे भारी असं काही नाही बरंका, तोच उजेड जास्त जागेत पसरतो, इंच दुप्पट केले तर जागा चौपट होते आणि चित्र तेवढं मंद. आम्ही ८५-९० इंचावरच ठेवतो.

पडद्याचं तर काय सांगू. ज्यानं त्यानं सल्ला दिला की सोलापुरात राहता आणि पडदा कसला विकत घेता, चादर लावा की! अरे पण सोलापुरी चादर लावली तर हिरोच्या तोंडावर जॅकार्डचा मोर नाचेल ना बे. फ्लेक्सवाल्याकडून पांढरा फ्लेक्सपण आणून लावून बघितला, तो चमकतो, मधोमध दिव्यासारखा डाग दिसतो. शेवटी पडद्याच्या कापडवाल्याकडनं ब्लॅकआउटचं पांढरं मॅट कापड आणलं, शिवणाऱ्या काकूंनी वरखाली नेफे घालून दिले, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे पाइप, सातशे-आठशेत काम झालं. ऑनलाइन पडद्यापेक्षा चांगला आहे आणि धुता येतो, जे आमच्या घरात फार गरजेचं आहे कारण शेंगा चटणीची बोटं कुठंपण लागतात.

शनिवारचं मात्र जमलंय. दुपारी पोरगी यादी करते, छोटा ती यादी फाडतो, मग आजी जे म्हणेल ते लागतं. पहिल्या शनिवारी सासूबाई म्हणल्या, "काय बाई, भिंतीवर टॉकीजच आणलं की तुम्ही!" आणि जुना मराठी पिक्चर लावला तर पूर्ण वेळ शेजारच्या पद्मशाली काकूंना गाण्यांच्या आधीच गाणं सांगत होत्या. त्या काकू आता दर शनिवारी येतात, पुढच्या आठवड्यात तेलुगू लावायचा असं ठरवून जातात, आणि गंमत म्हणजे पोरं तेलुगू पिक्चर सबटायटल न वाचता बघतात आणि सगळं समजतं म्हणतात. खायला नवरा पार्क चौपाटीवरून डिस्को भजी आणतो, नाहीतर घरी कडक भाकरी, दही, चटणी, ताटं मांडीवर. टीव्हीपुढं प्रत्येकजण हातात मोबाइल घेऊन बसायचा, इथं अंधार केल्यावर मोबाइल काढला की त्याचा उजेड सगळ्यांच्या डोळ्यात जातो आणि आजी ओरडते, त्यामुळं मोबाइल आपोआप बंद. मला एवढ्यासाठी साडेतेरा हजार महाग वाटत नाहीत.

पण इथं एक मोठी गोम आहे जी विकणारा सांगत नाही. ह्याच्यात आत अँड्रॉइड आहे, अ‍ॅप्स आधीच टाकलेली आहेत, म्हणून वाटतं वेगळं काही लागणार नाही. अशा डब्यांना बऱ्याचदा नेटफ्लिक्सचं सर्टिफिकेशन नसतं, मग एकतर अ‍ॅप चालतच नाही, चाललं तर ४८० वर चित्र देतं, १०८० चं पॅनल असून काय उपयोग. आपल्याला वाटतं प्रोजेक्टर खराब आहे. प्रोजेक्टर बरा आहे, त्याला परवानगी नाहीये, एवढीच भानगड. उपाय म्हणजे फायर स्टिक (टीव्हीला मागं लावायची पिक्चर-अ‍ॅपची कांडी) किंवा कुठलंपण सर्टिफाइड टीव्ही बॉक्स एचडीएमआयला लावा आणि आतलं अँड्रॉइड विसरून जा. तीन-चार हजार जास्तीचे धरूनच बजेट काढा. आणि स्टिकला करंट प्रोजेक्टरच्या यूएसबीमधून देऊ नका, पुरत नाही, ऐन क्लायमॅक्सला रिस्टार्ट होते. तिचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर प्लगात लावा.

आवाज, सोडून द्या. आतला स्पीकर आहे म्हणायला आहे. पंख्याची घरघर, वर आमचा कूलर, त्यात डायलॉग कुठला ऐकू येतोय. लग्नात मिळालेला जुना होम थिएटरचा सेट माळ्यावर होता तो ऑक्सच्या वायरनं जोडला. ब्लूटूथ स्पीकर पिक्चरला चालतो, गेमला अजिबात नाही, आवाज मागनं येतो, गोळी लागून मेल्यावर गोळीचा आवाज.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायलाच पाहिजे कारण हे रिव्ह्यू लिहिणारे सगळे एसीत बसून लिहितात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या घरात, रात्री नऊला स्लॅब तापलेलाच असतो, भिंतीला हात लावला तर गरम. ह्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की भोवतालचं तापमान ३५ पर्यंत. म्हणजे सोलापुरात मे महिन्यात हा मशीन कायद्यानं सुट्टीवर. दोनदा-तीनदा तापून आपोआप बंद पडला, नंतर भिंतीपासून सगळीकडनं वीतभर जागा सोडली, मागं छोटा टेबलफॅन लावला, ब्राइटनेस एक पायरी खाली, मग दोन तास ओढायला लागला. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती ओली हवा आत ओढून घेतो. गच्चीवर बघायची हौस होती सगळ्यांना, छान वाटतं खरं, वारा असतो, पण पडदा शिडासारखा फुगतो आणि बिल्डिंगमधली सगळी पोरं येऊन बसतात, म्हणजे मग चहा-पोहे मलाच.

धूळ हा दुसरा शत्रू. घेताना "सील्ड ऑप्टिकल इंजिन", म्हणजे आतला लेन्स-पॅनलचा भाग बंदिस्त, असा शब्द शोधा. तसं नसेल तर धूळ आत पॅनलवर बसते आणि काळ्या सीनमध्ये राखाडी ठिपके दिसतात, ते बाहेरनं पुसून जात नाहीत. ह्याचं सील्ड आहे, अजून ठिपका नाही. जाळी मात्र महिन्यातून एकदा ब्लोअरनं साफ करायची. लाइट गेली तरी घाबरायचं काही नाही, एलईडी आहे, जुन्या दिव्यावाल्या प्रोजेक्टरसारखं बंद केल्यावर पंखा चालू ठेवून थंड व्हायची वाट बघावी लागत नाही, इन्व्हर्टरवर आरामात चालतो.

आता गेमिंग, ज्याच्यासाठी मी खरं तर नवऱ्याला पटवलं होतं (पिक्चर हे निमित्त होतं, त्याला अजून माहीत नाही).

गेम खेळणारा माणूस सगळ्यात आधी पिंग बघतो, म्हणजे आपल्या मशीनपासून गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते. आमचं फायबर आहे, व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, सोलापूरहून २५-३० मिलिसेकंद पिंग येतो, जो छानच आहे. तरी प्रोजेक्टरवर पहिल्यांदा खेळले तर असं वाटलं की माउस कुणीतरी पाण्यातून हलवतंय. भाऊ म्हणाला, "ताई, नेट बघ तुझं." नेट ठीक. पिंग ठीक. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, शून्य. मग लक्षात आलं की गेम जो पिंग दाखवतो तो लॅपटॉप ते सर्व्हर एवढ्याचाच. लॅपटॉपमधनं निघालेलं चित्र भिंतीवर पडेपर्यंत जो वेळ जातो तो कुठंच दिसत नाही, त्याला इनपुट लॅग म्हणतात, आणि स्वस्त प्रोजेक्टरमध्ये खरी मार तिथं आहे.

हे घरच्या घरी मोजता येतं, फार सोपं आहे. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावा, डिस्प्ले डुप्लिकेट करा, आणि मोबाइलनं लॅपटॉपची स्क्रीन आणि भिंत दोन्ही एकाच फोटोत येईल असे आठ-दहा फोटो काढा. दोन्हीकडच्या आकड्यातला फरक म्हणजे प्रोजेक्टरनं लावलेला उशीर. आमच्याकडं ऑटो कीस्टोन (ते काय ते खाली सांगते) चालू असताना शंभराच्या वर आला. शंभर! ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, स्क्रीनवर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे समोरचा कोपऱ्यातून बाहेर आल्यावर सहा फ्रेम उशिरा मला दिसतोय, तोपर्यंत त्यानं मला मारून पुढच्याला शोधायला सुरुवात केलेली असते. आणि आपण नेटवाल्याला फोन करून दहा मिलिसेकंद पिंग कमी करा म्हणून भांडत बसतो.

कारण असं की कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सॉफ्टवेअरनं सरळ करणं, प्रत्येक फ्रेम घेऊन वाकवून मग पुढं टाकायची, वेळ लागणारच. वर त्यात पॅनलचे कडेचे पिक्सेल वाया जातात ते वेगळंच, चित्रपण मऊ होतं. म्हणून प्रोजेक्टर आधी हातानं सरळ ठेवा, पडद्याच्या बरोबर समोर, तिरका नाही, आणि कीस्टोन पूर्ण बंद. मग पिक्चर मोडमध्ये "गेम" शोधा, आणि चित्र सुंदर करणारी जी काही बटणं आहेत ती सगळी बंद. एवढं केल्यावर फरक चाळीस-पन्नासवर आला. ऑटोफोकसपण बंदच ठेवा, नाहीतर छोटा समोरून पाणी प्यायला गेला की तो जागा होतो आणि मॅचच्या मधेच चित्र धूसर करून परत जमवत बसतो.

चाळीस-पन्नासवर काय खेळता येतं? व्हॅलोरंट नाही. म्हणजे मजेला स्पाइक रश (त्यातलाच छोटा प्रकार) खेळा, रँक्ड (ज्यात हरलं की रँक घसरते) खेळून भावाच्या शिव्या खाऊ नका. मी ते परत लॅपटॉपच्या स्क्रीनवरच खेळते, हेडफोन लावून. रॉकेट लीग जमतं, थोडी सवय करून घ्यावी लागते, बॉल येईल तिथं आधीच उडी मारायची. आणि मला तर तेच परवडतं, पाच मिनिटांची मॅच, फुकट आहे. व्हॅलोरंटची अख्खी मॅच तीस-चाळीस मिनिटं, मधेच सोडली तर पेनल्टी, आणि "आई शू आली" ह्याला पॉज बटण नसतं हे ज्यांना पोरं आहेत त्यांनाच कळेल. क्रिकेट, फुटबॉलचे गेम भिंतीवर मस्त दिसतात. खरी धमाल म्हणजे दोन कंट्रोलर घेऊन पोरीबरोबर अर्धी-अर्धी स्क्रीन करून खेळणं, दोघींनाही सारखाच उशीर, त्यामुळं कुणाची तक्रार नाही. ती मला हरवते आता. ऑफिसातल्या साहेबांनी चूक काढली तर वाईट वाटत नाही पण चौथीतल्या पोरीनं "आई तू गोलमधून बाजूला हो" म्हणलं की लागतं.

मोबाइलवरचा बीजीएमआय (पबजीचा भारतातला गेम) भिंतीवर टाकायचं मनात असेल तर वायफायनं मिररिंग (फोनचीच स्क्रीन भिंतीवर दाखवणं) करू नका, त्यात अजून उशीर वाढतो. फोनमधनं एचडीएमआय निघत असेल तर टाइप-सीची वायर लावा, तसं नसेल तर विसरा. लॅपटॉपलापण नेट वायरनंच द्या, राउटरपासून कॅट६ ची लॅन केबल दाराच्या चौकटीवरनं ओढली मी, दिसायला घाण दिसते, पण वायफायमध्ये पिंग जो मधेच २५ वरनं १५० वर उडी मारतो ते थांबलं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर तर बिल्डिंगमधल्या सगळ्यांचीच राउटर एकमेकांच्या अंगावर बसलेली असतात. आणि राउटरला छोटा बॅटरीवाला यूपीएस लावा, हजार-बाराशेला मिळतो. लाइट जाऊन इन्व्हर्टर घेईपर्यंतचा क्षणभराचा खंड त्यानं निघतो, नाहीतर राउटर चालू व्हायला दोन मिनिटं आणि तोवर मॅच गेलेली.

हां, सासूबाईंनी बातम्यांत ऑनलाइन गेमवर बंदी आली असं ऐकलं होतं आणि दोन दिवस माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. शेवटी विचारलंच, "पैशे लावतेस का गं?" म्हणलं आई, ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर, माझा तसला नाही, माझ्यात नुसता अपमान होतो, पैसे जात नाहीत. तेव्हापासून शांत आहेत, उलट रात्री मॅच चालू असताना दूध-बिस्किट आणून ठेवतात टेबलावर.

सर्व्हिसचं सांगायचं तर सोलापुरात सेंटर नाही. रिमोट चालेना म्हणून कस्टमर केअरला फोन लावला तर अख्खा प्रोजेक्टर पॅक करून पुण्याला पाठवा म्हणाले, रिमोटसाठी! नवी पेठेतल्या एका दुकानात दोनशेला सारखा दिसणारा युनिव्हर्सल रिमोट मिळाला आणि काम झालं. वॉरंटी एक वर्षाची आहे पण खोकं आणि आतला थर्माकोल टाकू नका, त्याशिवाय घेत नाहीत असं त्याच फोनवर कळलं. आमचा थर्माकोल तोपर्यंत गणपतीच्या मखरात गेला होता.

स्टार द्यायचे तर पिक्चरला साडेचार, अर्धा उन्हाळ्याचा कापला. गेमला अडीच, त्यातला एक पोरीबरोबरच्या मॅचसाठी. ज्यांना फक्त गेमच खेळायचाय त्यांनी ह्याच पैशात १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा, येतो. ज्यांच्या हॉलला मोठी खिडकी आहे आणि पडदे लावायचे नाहीत त्यांनी टीव्हीच घ्यावा. आणि सेलमध्ये घेणार असाल तर एचडीएमआयची वायर वेगळी मागवा, खोक्यात जी येते ती हातभर लांब आहे, प्रोजेक्टर कपाटावर आणि लॅपटॉप कुठं ठेवणार, डोक्यावर?